डोनल, खळ्याचा सौदा माझा होता

डोनल, तू गेल्यापासून नवापुरात जो भेटतो तो तुझ्याबद्दल चांगलेच बोलतो. महिना झाला, मी हे ऐकतो आहे. तू देवमाणूस होतास, तू गावाला खेळ लावलेस, तू कुणाला दुखावले नाहीस. पहिल्या दोन गोष्टींवर मी वाद घालत नाही. तिसरी खोटी आहे. तू मला दुखावलेस, आणि त्याचा निकाल न लावता निघून गेलास. तेरा महिने आपण एकमेकांशी बोललो नव्हतो. आता मी एकटाच बोलणार आहे. मधेच हात वर करून "थांब हरी, थांब" म्हणायला तू नाहीस, तेव्हा माझे पूर्ण होईपर्यंत ऐकून घे.

आधी इतिहास सरळ करू. उधाण क्रीडा मंडळाचा इतिहास हल्ली जो तो आपल्या मनाने सांगतो. बोईसरच्या हॉटेलात परवा एकजण सांगत होता, की आयर्लंडहून आलेले एक जोडपे नवापूरला आले, पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून रिकामे बसलेले कोळ्यांचे तरुण बघून त्यांना कळवळा आला, आणि त्यांनी क्लब काढला. मी माझा चहा खाली ठेवला आणि त्याला म्हटले, कळवळा बिळवळा काही नाही, तो माणूस चुकून आला होता. त्याने बोंबलाचे बांबू बघितले आणि त्याला ते गोल वाटले.

खरे तेच आहे. मी तिथे होतो.

गावाशेजारच्या वीजप्रकल्पाचे काम नुकतेच सुरू झाले होते. तू मुंबईच्या गोदीतली नोकरी सोडून बोईसरला पत्र्याची शेड टाकली होतीस आणि ठेकेदारांची वेल्डिंगची कामे घेत होतास. त्या रविवारी तू तुझ्या बायकोला, नोराला, मागे बसवून मोटारसायकलवर समुद्र बघायला आलास. मासळीचा हंगाम संपत आला होता. आमच्या खळ्यावर, म्हणजे गावच्या बायका जिथे बोंबील वाळवतात त्या किनाऱ्यालगतच्या सपाट जागेवर, बहुतेक बांबू रिकामे झाले होते. दोन उंच उभे बांबू, त्यांना छातीच्या वर बांधलेला एक आडवा. अशा रांगाच्या रांगा. तू गाडी थांबवलीस आणि देवळात आल्यासारखी डोक्यावरची टोपी काढलीस.

"इधर कौन खेलता है?" तू मला विचारलेस.

"कोई नहीं खेलता. बोंबील सुखता है."

"तो ये गोल किसका?"

मला वाटले, उन्हाने भोवळ आली आहे. तुमच्या देशातल्या फुटबॉलचे गोल हुबेहूब असेच असतात, चेंडू आडव्याच्या खालून गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक, हे तू नंतर समजावलेस. अठराव्या वर्षी घर सोडल्यापासून तू तसा गोल पाहिला नव्हतास. वीस वर्षे गोदीत जहाजांचे पत्रे जोडलेस, तिथे कुठला दिसणार? आणि इथे एकदम पन्नास दिसले. तू नंतर एकदा मला म्हणालास, की त्या क्षणी तुला वाटले, आपल्या गावचे कुणीतरी आपल्याआधी इथे येऊन राहिले आहे, आणि आपल्याला कुणी सांगितलेच नाही.

तुझ्या पिशवीत चेंडू होता. चाळिशीच्या माणसाच्या पिशवीत चेंडू का असावा, हे मी तुला कधी विचारले नाही. तू तो हातात घेतलास, चार पावले पळालास आणि लाथ मारलीस. चेंडू आडव्यावरून सुरेख गेला आणि पलीकडे गंगूआयचा शेवटचा भरलेला बांबू होता, त्याच्यावर आदळला. दोर तुटला. जोडी जोडीने अडकवलेले बोंबील वाळूत पडले.

गंगूआय खळ्यावरची सगळ्यात मोठी बाई. तिचा आवाज होडीवर ऐकू जातो.

"मेल्या, डोले फुटले काय तुजे? सुकला माल वालूत घातलास! कोन तू? कुठना आलास मराया?"

तू हात जोडून उभा राहिलास. नोरा मात्र गुडघ्यांवर बसली आणि एकेक बोंबील उचलून आपल्या फ्रॉकच्या काठाने पुसून रचू लागली. गंगूआयने हातातली टोपली खाली ठेवली. मग मला म्हणाली, "हरी, तिला सांग, फराकानं नको पुसू. वास जावाचा नाय जनमभर." आणि हसली. मंडळाची स्थापना कधी झाली असे कुणी विचारले तर मी तो दिवस सांगतो.

पुढच्या रविवारी तू एकटा आलास. गावात काही घ्यायचे असेल तर हरीला गाठ, असे तुला कुणीतरी सांगितले होते. बरोबर सांगितले होते. मी चौथी शिकलो, डोक्यावरून टोपल्या वाहिल्या, आणि त्यावेळी दोन होड्यांची मासळी पालघरच्या बाजारात माझ्या हाताने जात होती. माझ्या बोलीवर बोली लावायला माणसे कचरत. तू समोर बसून तुझ्या हिंदीत सरळ सांगितलेस, ते मैदान मला विकत हवे आहे.

मी तुला खुळा म्हणालो. त्या सौद्यातला माझा पहिला शब्द तो.

"खळं विकत मिळत नाही," मी सांगितले. "मासळी पाण्यात असते तोवर बाप्यांची. किनाऱ्याला लागली की बायकांची. खळं बायकांचं. मी तिथं पाऊल टाकताना विचारतो."

"मग तू विचार," तू म्हणालास. "तुला सगळे घाबरतात म्हणे."

"गंगूआय नाही घाबरत."

"मग मजा येईल," तू म्हणालास, आणि मला तू आवडलास. हे मी तेव्हा बोललो नाही. बोलीच्या आधी माल आवडला असे कोण सांगतो?

तो सौदा आठवतो का तुला? तीन रविवार चालला. तुझी पद्धत तुमच्या गुरांच्या बाजारातली. तू तळहातावर थुंकलास आणि हात पुढे केलास. गंगूआय दोन पावले मागे सरली. "थुकलेला हात कोन धरील रं? जा, धुऊन ये." तिची पद्धत ही, की टोपली पालथी घालून तिच्यावर तुझ्याकडे पाठ करून बसायचे, आणि पटण्यासारखे काही कानावर आले तरच मान वळवायची. दोन रविवार तिने मान वळवली नाही. तू पैसे वाढवत होतास, तसतशी तिची पाठ आणखी ताठ होत होती. तुला कळत नव्हते. मला कळले. तिला पैसे नको होते. दरसाल पावसाआधी ते बांबू उपटून रचायचे, आणि नवरात्रात पुन्हा खड्डे खणून रोवायचे, यात बायकांच्या कंबरा मोडत होत्या. बाप्ये तेव्हा समुद्रावर.

तिसऱ्या रविवारी मी तुला गप्प बसवले आणि बोललो. पावसाळाभर खळे खेळाडूंचे. त्याबदल्यात जेठ संपताना बांबू खेळाडूंनी उपटायचे, गोलापुरते चार ठेवायचे. घट बसले की खळे बायकांचे, आणि त्याच दिवशी सगळे बांबू खेळाडूंनी रोवून द्यायचे.

गंगूआयची मान वळली. "खड्डा हातभर खोल," ती म्हणाली. "आनि दोर आमी बस म्हनू तवर तानायचा. आनि घट बसले त्या दिशी. दुसऱ्या दिशी नाय."

"त्या दिशी," तू तिच्यासारखेच म्हणालास. तुझे मराठी तिथून सुरू झाले. ते तू खळ्यावरच्या बायकांकडून शिकलास, म्हणून त्यात 'तुम्ही' कधी आलेच नाही. मामलेदारालाही तू "काय रं, बरा हाय ना?" असे विचारलेस, आणि तो बिचारा "हो, बरा आहे" म्हणाला.

एवढे तर मान्य कर, की जगातल्या कुठल्याही क्लबाने आपल्या मैदानाचे भाडे असे भरले नसेल. तो सौदा माझा. तू आणि नोरा संस्थापक, मंडळाच्या पाटीवर तुमची नावे, त्याला माझी हरकत नव्हती आणि नाही. पण मैदान नसेल तर संस्थापक कशाचे? पाटीवर मैदान "मिळाले" असे लिहिले आहे. मैदाने मिळत नाहीत, डोनल. कुणीतरी ती मिळवतो.

ते पाच पावसाळे मात्र माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. दुनिया पाऊस आला की खेळ बंद करते, आपले पावसाबरोबर सुरू व्हायचे. गाव तुझ्या फुटबॉलला 'हातपाय' म्हणायचे, कारण त्यात दोन्ही चालत. मग मी कबड्डी घालायला लावली, कारण नुसत्या परक्या खेळावर गाव टिकणार नव्हते. मग प्रकल्पावरचे कामगार आले, त्यांच्यासाठी व्हॉलीबॉल आला. खाडीत होड्यांच्या शर्यती लागल्या. नोराने पोरींना लंगडी आणि खो-खोला उतरवले, आणि पहिल्या वर्षी ज्या आया कुंपणाशी उभ्या राहून नावे ठेवत होत्या, त्याच दुसऱ्या वर्षी साड्या खोचून पोरींच्या मागून ओरडत होत्या. कबड्डीत तू एकदा मधूच्या पायाला मिठी मारलीस, तो तुला घेऊन तसाच रेषेपार गेला, आणि तू चिखलातून तोंड वर काढून विचारलेस, "आऊट कोन?" तेव्हापासून मधू कप्तान.

आणि आपला वाद. तो अजून संपलेला नाही. गोलावरून चेंडू गेला तर गुण कशाला? मी पाच वर्षे विचारले. माल गाडीत न पडता टपावरून पलीकडे पडला तर कुणी पैसे देतो का? चुकल्याबद्दल बक्षीस हा कुठला हिशेब?

"उंच गेला म्हंजे चुकला नाय, हरी," तू म्हणायचास.

"मग तीन का नाही देत? एकच का?"

"तुज्यासारक्या लोकांसाटी. तू एक तरी देशील म्हनून."

माझ्या पहिल्या ट्रकचा सांगाडाही तूच जोडलास. मी बोली केली, तू अर्ध्यावर आलास, मी आणखी खाली ओढले, तू उठून शेडच्या दाराशी गेलास, मी उठून मोटारसायकलपाशी गेलो, नोराने चहा आणला, आणि आपण दोघे हसून पुन्हा बसलो. पुरी दुपार गेली. तितकी चांगली दुपार मी फार कमी वेळा घालवली आहे. समोरच्याला बोलीत रस असला, की किंमत कितीही ठरो, दोघांनाही कमावल्यासारखे वाटते. हे तुला माहीत होते. म्हणून तर मला राग आहे.

आता त्या दिवसाकडे येतो.

गेल्या वर्षीचा सामना. आपले 'उधाण' आणि प्रकल्पाच्या वसाहतीचा संघ. वसाहतीतले मोठे साहेब सहकुटुंब येणार होते. मी लपवत नाही, वसाहतीच्या उपाहारगृहाला मासळी पुरवायचे काम मला हवे होते, आणि ते साहेबांच्या हातात होते. खुर्च्या मी आणल्या, मांडव मी घातला. रविवारी पाऊस असा कोसळला, की सामना पुढच्या रविवारवर गेला. आणि मधल्या गुरुवारी घट बसले.

माझी चूक कुठे झाली ते मी स्वतःच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला कष्ट नकोत. मी गंगूआयला आधी विचारले नाही. मी सौदेवाला माणूस. मागणी करायची ती समोरचा घाईत असताना, असे माझ्या अंगात मुरलेले. नवीन मासळी सोमवारच्या आधी येत नाही असा माझा अंदाज होता. गुरुवारी बांबू रोवायला आलेल्या आपल्या खेळाडूंना मी परत पाठवले, म्हटले, गंगूआयशी माझे बोलणे झाले आहे. झाले नव्हते. शनिवारी संध्याकाळी बोलणार होतो, चार दिवसांच्या बदल्यात तिला चार दिवस आमची माणसे कामाला देणार होतो. चांगली बोली होती. तिने घेतली असती.

शुक्रवारी होड्या लवकर फिरल्या. बोंबील भरून आले. बायका टोपल्या घेऊन खळ्यावर आल्या तर तिथे माझा मांडव आणि खुर्च्या. त्यांनी दोन दिवस दारात, कौलांवर, जिथे जागा मिळेल तिथे माल पसरला. गंगूआय माझ्याकडे आली नाही. ती चालत बोईसरला तुझ्या शेडवर आली. शनिवारी मीही तिच्याकडे गेलो नाही; म्हटले, माल पसरून झालाच आहे, आता सामना उरकला की बोलू.

रविवारी मी साहेबांना आणायला गेलो. जीप खळ्यापाशी थांबली, आणि बघतो तर काय? माझा मांडव गुंडाळून बाजूला. आपले पंधरा खेळाडू, खेळायच्या कपड्यांत, खड्डे खणताहेत. तू चड्डीवर, कमरेपर्यंत मातीने माखलेला, हातात बांबू. आणि वसाहतीचा संघही दोर ताणतो आहे. गंगूआय टोपलीवर बसून सांगते आहे, "अजून. अजून. हां, बस."

साहेब आधी हसले. मग घड्याळ बघितले. मग जीप वळवून गेले. ते काम दातिवऱ्याच्या व्यापाऱ्याकडे गेले, हे तुला माहीत आहे.

मी तुझ्यावर जे ओरडलो ते सगळ्या गावाने ऐकले.

"सौदा मी केला होता! मी! मोडायचा की वाकवायचा ते मी बघेन! तू कोण?"

"तू केलास, हरी," तू म्हणालास. "आमी पालतो."

आणि पुढचा बांबू उचललास. बस्, एवढेच. मी आणखी तासभर ओरडलो असतो, पण सगळे मान खाली घालून पुन्हा दोर ताणू लागले.

तेरा महिने मी विचार केला आणि माझे मत बदललेले नाही. तू बरोबर वागलास. पण चुकीच्या पद्धतीने. शुक्रवारी गंगूआय तुझ्याकडे आली, तेव्हा शनिवारचा पुरा दिवस तुझ्या हाती होता. तुझी मोटारसायकल चालू होती. माझे घर तुला माहीत होते. तू येऊन म्हणायला हवे होतेस, की हरी, असे असे आहे. मी भांडी फेकली असती. तुझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आणि मग साहेबांना निरोप पाठवून रविवारी पहिला खड्डा मी खणला असता. तुला हे ठाऊक नव्हते? पाच पावसाळे आणि एक ट्रक एवढा व्यवहार झाल्यावर? तू मला विचारलेच नाहीस. मी कबूल होणार नाही असे तू आधीच धरून चाललास. काम गेले त्याचा राग मला त्या दिवाळीपर्यंत होता. न विचारल्याचा राग आजही आहे.

मीही आलो नाही, हे खरे. यंदाचा पावसाळाभर मी खळ्याकडे फिरकलो नाही. ओरडा ऐकू यायचा, त्यावरून गुण मोजायचो. एकदा पालघरला स्टेशनबाहेर तू समोरून आलास. टोपीला हात लावलास. मी मान हलवली. दोघेही थांबलो नाही. मला वाटले, चालेल, अजून पुष्कळ पावसाळे आहेत.

कार्तिकात मधू धावत आला, दुपारची वेळ होती. म्हणाला, "हरीशेट, डोनलसायेब शेडमदी बसल्या जागी गेला." मी त्याला म्हटले, खोटे बोलू नकोस. मग चप्पल न घालता ट्रकमध्ये बसलो.

तुला वसईच्या दफनभूमीत न्यायचे होते. दुसरी गाडी मिळत होती, पण मी कुणाला बोलूच दिले नाही. तू जोडलेल्या सांगाड्यात, माझ्या बर्फावर तू गेलास. मी ट्रक तीनदा धुतला. चौथ्यांदा बादली उचलली, तेव्हा नोरा म्हणाली, "बस कर हरी. मच्छी का बास उसको चलता था." रस्ताभर ती पुढे माझ्या शेजारी बसली होती. विरार आले. मग तिने विचारले, "तू उसके उपर अभी भी गुस्सा है?" मी म्हटले, आहे. ती म्हणाली, "अच्छा है. सब लोग रोता है. एक आदमी तो उसके साथ झगडा करनेवाला चाहिए."

तुमच्यात महिन्याने प्रार्थना करतात म्हणे. मधूने आणि बाकीच्यांनी ठरवले, त्या दिवशी तुझ्या नावाने 'हातपाय'चा सामना करायचा, वसाहतीच्या संघाशी, गेल्या वर्षी राहिलेला तोच. पण खळे बोंबलांनी भरलेले. सगळे माझ्याकडे आले. म्हणाले, "हरीशेट, एक दिवस मागून द्या. तुमीच बोलू शकता गंगूआयशी."

मी गेलो. मी तोंड उघडायच्या आधीच गंगूआय म्हणाली, "ने एक दिस. आमी माल उतरवतू. त्याच्यासाटी देतू."

जे मला गेल्या वर्षी हवे होते, ते न मागता समोर आले. बाकीचे खूश होऊन माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हटले.

"कां रं?" गंगूआय म्हणाली. "तुजाच सौदा ना? मोडायचा हक तुजा, असा वरडत होतास तू."

"हक्क माझाच आहे," मी म्हटले. "पण सौद्याला दोन बाजू होत्या. तो समोर असता तर मी मोडला असता, त्याच्या तोंडावर. आता तो नाही. समोरचा माणूस नसताना सौदा बदलणं याला माझ्या धंद्यात चोरी म्हणतात."

गंगूआयने डोळ्याला पदर लावला. मी तिथून निघालो, कारण तिला रडताना मी कधी पाहिले नव्हते आणि पाहायचेही नव्हते.

सामना पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूवर झाला. ओहोटीची वेळ मी काढली, भरतीपर्यंत दोन तास घट्ट ओली वाळू मिळत होती. चार बांबू गंगूआयने स्वतः दिले. आपण हरलो, डोनल. एका गुणाने. आणि तो एक गुण गोलावरून गेलेल्या चेंडूचा होता. मी पंचाला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. वसाहतीचे लोक हसत होते, गंगूआय हसत होती, नोराही हसत होती. मी खरोखर चिडलो होतो.

काल नोराने मला शेडवर बोलावले. तू मंडळाची वही ठेवायचास, हे मला माहीत नव्हते. पहिल्या वर्षापासून प्रत्येक सामना, गुण, कोण पडले, कोण भांडले. तिने मला हिंदीत सांगत सांगत वाचून दाखवली. गेल्या वर्षीचा तो रविवार आला. मी सावरून बसलो. तू तिथे लिहिले आहेस, सामना झाला नाही, बांबू रोवले. पुढे काही नाही. माझे नाव नाही, माझे ओरडणे नाही, गंगूआय बोईसरपर्यंत चालत आली ते नाही. मी म्हटले, हा इतिहास आहे की तारेचा मजकूर?

मग नोरा म्हणाली, मंडळ आता तू चालव. मी बायकांची बाजू बघते, बाकीचे तुझे.

मी लगेच हो म्हणत नाही, हे तुला माहीत आहे. मी घरी गेलो, रात्र काढली, आणि आज सकाळी अट घेऊन आलो. त्या रविवारच्या पानापुढे माझी बाजू, माझ्या शब्दांत, पूर्ण, वहीत लागली पाहिजे. मैदान कसे मिळाले ते, माझी चूक, तुझी चूक, सगळे. कुणी एक ओळ गाळायची नाही. ती नाही म्हणाली तर अर्ध्या पानावर यायचे ठरवले होते. तरीही नाही म्हणाली तर चार ओळींवर. अगदीच अडून बसली तर नुसते नाव. तीन पायऱ्या उतरायची तयारी करून मी तिच्यासमोर बसलो आणि पहिली मागणी टाकली.

नोरा म्हणाली, "हां. लिख."

मी वाट बघितली. ती चहा ओतू लागली.

"अगं, नाही तरी म्हण एकदा," मी म्हटले.

"क्यों? ठीक बोला तू."

मी चहा न पिता उठलो. दाराशी गेलो, सवयीने. मागून कुणी हाक मारली नाही. वही माझ्या काखेत होती, मागितले ते सगळे मला मिळाले होते, आणि इतका वाईट सौदा मी जन्मात केला नव्हता.